गेनबाची चालती गाडी

ओढ्यापलीकडच्या एका गावात गेनबा नावाचा भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? त्याला कोणी ‘जरा बस’ म्हटलं, तर ‘ऊठ’ म्हणेपर्यंत तो बसून राहायचा. सांगितलेलं मात्र कधी विसरत नसे. तीच तर पंचाईत होती.

त्याची बायको हौसा माहेरी गेली आणि त्याला करमेना. त्याला न हसणारं अख्ख्या गावात तेवढं एकच माणूस होतं. शेवटी आईने गाडी जुंपून दिली आणि बजावलं, “हौसाला गाडीत बसवल्याशिवाय घरात पाय टाकायचा नाही. अन् शाण्या माणसांचं ऐकत जा.”

वाटेत चाक कुईकुई करू लागलं. रस्त्याकडेच्या सुताराने ते ऐकलं.

“अरे, आतनं घासतंय ते. घासलं की गाडी जड जाती. जिथं घासतं तिथं वंगण घालावं.”

सुताराने वंगण लावलं, उरलेलं बरोबर दिलं. चाक गप्प झालं. गेनबाला फार आवडलं ते.

सासुरवाडीला पोचला तर सासूबाई जात्यावर ज्वारी दळत होत्या. घरर घरर आवाज येत होता. एवढा थोरला दगड दगडावर घासतोय आणि यांना कोणीच कसं सांगितलं नाही? सासूबाई पाणी आणायला आत गेल्या, तेवढ्यात गेनबाने उरलेलं सगळं वंगण जात्याच्या तोंडात ओतलं. मग जातं असं फिरलं म्हणता! एका बोटाने फिरलं. ज्वारी वरून गेली तशीच अख्खी खाली आली. फक्त काळी होऊन आली.

“अवो जावईबापू!” सासूबाई किंचाळल्या. “घासल्याशिवाय दळतं का कधी?”

सासऱ्यांनी जातं धुतलं, छिन्नी-हातोडी घेतली आणि दगडाला टाकी लावायला बसले. “हे बघा, गुळगुळीत झालेला दगड कामाचा नाही. गुळगुळीत दिसलं की टाकी लावायची. खडबडीत झालं की काम देतं.”

गेनबाने मान हलवली. काम आटपून सासरे पटका काढून अंगणात आडवे झाले. टक्कल उन्हात चकाकत होतं. गेनबाने छिन्नी-हातोडी उचलली.

नशीब, सासऱ्यांना वेळेवर जाग आली. “काय करताय?”

“टाकी लावतोय, मामा. पार गुळगुळीत झालंय.”

सासरे पटका डोक्यावर दाबून उठले. “अवो, छिन्नीला टोक असतं! टोकाखाली सगळा जोर एका जागी येतो. भोक पडलं असतं डोक्याला! बूड रुंद असलं तर जोर पसरतो, भोक पडत नाही. जा तिकडं, बैलांचा खुंटा ठोका.”

गेनबा गेला. पाहतो तर खुंट्याला खाली टोक! सासऱ्यांच्या अंगणाला भोक पडलं असतं. त्याने कुऱ्हाडीने टोक उडवलं, खुंटा चांगला रुंद बुडावर उभा केला आणि बैल बांधले. बैलांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग खुंट्यासकट आपल्या गावाला निघून गेले.

“पोरीला नाही पाठवणार मी याच्यासंगं,” सासरे म्हणाले.

गेनबाच्या डोळ्यांत पाणी आलं. “मामा, तुम्ही सांगाल तसंच करीन हो.”

“त्याचंच तर भ्या वाटतं!”

पण हौसाने गाठोडं उचललं होतं. “बाबा, जाऊ द्या आम्हांला. मी असले की नाही चुकत ते.”

सासऱ्यांचा नाइलाज झाला. त्यांनी आपले बैल जुंपून दिले. “एक ध्यानात ठेवा. उभी गाडी हलवायला लई जोर लागतो. चालती गाडी आपली चालत राहते. तवा एकदा चालली की मधी थांबवू नका.”

“नाही थांबवत,” गेनबा म्हणाला.

ओढ्याच्या वाळूत चाक रुतलं. हौसा म्हणाली, “अहो, ओझं कमी करा, म्हणजे निघेल.”

गेनबाने आधी हौसाला उतरवलं. मग गाठोडं उतरवलं. चाकाला खांदा लावला, गाडी निघाली आणि तो टुणकन वर बसला.

“अहो, मी राहिले की! थांबवा!”

“उभी केली तर पुन्हा जोर लागंल! तुझ्या बानं सांगितलंय!”

हौसाने कपाळावर हात मारला. गाठोडं डोक्यावर घेतलं आणि शेतातल्या पायवाटेने निघाली. गाडीवाट टेकडीला वळसा घालून जायची, म्हणून तीच आधी पोचली. गेनबाच्या आईने भाकरतुकडा ओवाळून तिला घरात घेतलं. दारात पळून आलेले बैल खुंट्यासकट रवंथ करत बसले होते.

तेवढ्यात गाडी आली.

“गेनबा, थांब रं!” आई ओरडली.

गेनबाने मागे पाहिलं. गाडी रिकामी. त्याचा चेहराच पडला. “आई, हौसा गाडीत नाही. घरात पाय कसा टाकू?”

“अहो, मी ही काय इथं!”

“तू घरात आहेस गं, गाडीत कुठं आहेस?”

“मग थांबवा, बसते मी!”

“थांबवायची नाही म्हणून तर सांगितलंय!”

गाडी दारावरून पुढे गेली. देवळाला वळसा घातला. बैल सासऱ्यांचे, त्यांना आपला गोठा आठवला आणि ते आल्या वाटेने चालू लागले.

दिवेलागणीला सासऱ्यांच्या गोठ्यात बैल आपसूक उभे राहिले. सासरे कंदील घेऊन धावत आले. “हौसा कुठाय?”

“घरी पोचली, मामा. बरी आहे.”

“मग तुम्ही कशाला आलात?”

“तिला न्यायला.”