खाडीपलीकडची करमाफी

एकेकाळी खाडीकाठी एक लहानसे राज्य होते. तिथले लोक शांत, स्वप्नाळू आणि थोडे आळशीही होते. विश्वंभर हा त्या राज्याचा करमंत्री. मंत्री झाला तरी सवड मिळताच तो आपल्या वृद्ध आचार्यांच्या पायाशी येऊन बसे.

खाडीपलीकडे जमिनीखाली काळे तेल आहे, असे म्हणत. ते शोधताना तीन व्यापारी कोरड्या विहिरी खणून धुळीला मिळाले, तेव्हा विश्वंभरनेच नियम लिहिला : तेलाचा शोध चालू असेतोवर शोधणाऱ्याला कर माफ, शोध संपला की त्याने दरबारात येऊन तसे सांगावे. त्या भरवशावर माणिकशेट नावाचा व्यापारी उतरला आणि पाचव्या विहिरीला तेल लागले. घरोघरी दिवे उजळले. त्याला दहा वर्षे झाली, तरी माणिकशेट दरवर्षी दरबारात हात जोडून म्हणे, "शोध चालूच आहे, महाराज." ते खोटेही नव्हते. एखादा खड्डा तो कुठेतरी खणतच असे.

इकडे सुंदराबाई नावाच्या शेतकरणीच्या गावचा, खाडीचे खारे पाणी अडवणारा खारबांध फुटत आला होता. पुढच्या उधाणाचे पाणी भातशेतीत शिरले, तर पुढची तीन वर्षे तिथे दाणा पिकणार नव्हता. बांधाच्या दुरुस्तीसाठी पैसे मागायला बाई तीनदा दरबारात आली. तेलावर कर येत नव्हता, आणि तिजोरीत पैसे नव्हते.

विश्वंभर आचार्यांकडे गेला. "नियम कुणी मोडलेला नाही. मग मी शब्द कसा मोडू?"

"उद्या ओहोटीला माणिकशेटला घेऊन ये," आचार्य म्हणाले. "त्याच्या विहिरी पाहू."

सकाळी खाडी रिती झाली होती. धुक्यात पाणी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते, ते कळत नव्हते. चिखलातली वाट रोज बदलते, म्हणून वाटेचा जाणकार परक्याचा हात धरून त्याला पार नेतो. रिवाज असा, की त्या माणसाने स्वतः "पाय टेकले" म्हटल्याशिवाय जाणकाराने हात सोडायचा नाही. आचार्य त्याच काठावर वाढलेले. माणिकशेट एरवी भरतीला होडीने जाई, ही वाट त्याला नवी होती. त्यांनी रिवाज समजावून सांगितला आणि माणिकशेटचा उजवा हात धरला. तिघे ढगांवरून चालल्यासारखे निघाले. पायांखालून चिमुकले खेकडे पळत होते, आणि एरवी बोलका माणिकशेट लहान मुलासारखा गप्प होता.

पलीकडे कातळ लागताच त्याची वाचा परत आली. ही विहीर अशी, ती तशी, असे तो सांगत सुटला. आचार्यांनी हात सोडला नाही. विहिरी पाहून झाल्या, गड्यांनी ताक आणले, ते शेटजी डाव्या हाताने प्याले. गडी तोंड फिरवून हसू लागले. विश्वंभरला मेल्याहून मेल्यासारखे झाले. गुरुजींचे आता वय झाले की काय!

शेवटी माणिकशेट वैतागला. "आचार्य, हात सोडा की! मी कातळावर उभा आहे, दिसत नाही का?"

"दिसतं," आचार्य शांतपणे म्हणाले. "पण तू तसं म्हणाला नाहीस."

माणिकशेट उघड्या तोंडाने पाहत राहिला. विश्वंभरला मात्र आपलाच नियम आठवला.

आचार्य त्याच्याकडे वळले. "चिखलात हात दिलास, ते योग्यच केलंस. जमिनीखाली काय आहे हे कुणालाच दिसत नाही. तिथे एकट्याने उतर म्हणणं राजाला शोभत नाही. पण हात कधी सोडायचा, हे तू ज्याचा हात धरलास त्याच्यावरच सोपवलंस. धरलेला हात सुखाचा असतो, बाळा. आपण होऊन कोण सोडवून घेईल?"

"मी नियमाबाहेर कधी गेलो नाही," माणिकशेट पुटपुटला. "आणि माफी गेली, तर नव्या विहिरी कोण खणेल? त्याही कोरड्या निघतात."

"नव्या विहिरीला माफी राहू दे," आचार्य म्हणाले. "प्रत्येक विहिरीची वेगळी. तेल वर आलं की तिची माफी तिथेच संपेल. कुणी येऊन सांगायची गरजच नको." मग त्यांनी हात सोडला.

माणिकशेटने मनगट चोळले. त्याची नजर तेलाने भरलेल्या गाड्यांवर गेली. "या वर्षापासून भरतो," तो म्हणाला. त्याला ते जड गेले, हे दिसत होते.

परतल्यावर विश्वंभर राजवाड्याकडे गेला नाही. तो सरळ बांधावर गेला. सुंदराबाई आणि गावकरी पेंढा-चिखलाने भगदाडे बुजवत होते. उधाणाला सहा दिवस होते.

"बाई, चूक माझी होती," तो म्हणाला. "उद्या दरबारात तसं सांगणार आहे. बांधाला पैसे मिळतील."

बाईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "धा वर्सां लागली तुमका ह्या कळाक?"

तिने टोपल्यात चिखल भरला.

"पैशे येतीत तेवा येतीत," चिखलाने भरलेले टोपले पुढे सरकवत ती म्हणाली. "पाणी थांबाचा नाय."

मंत्र्याने टोपले डोक्यावर घेतले आणि रांगेत शिरला.