नाखवेश्वराचा कौल

“मग ही फसवणूक नाही तर काय, मामा?”

त्रिपुरी पौर्णिमेच्या सकाळी धाकू गुरव सहाणेवर चंदन उगाळत होता. त्याने हात थांबवला नाही.

विचारणारा विश्राम, त्याचा भाचा. तीन वर्षं खाडीच्या तोंडाशी असलेल्या नाखवेश्वराच्या देवळात तो मामाच्या हाताखाली गुरवकी शिकत होता. हुशार खरा, पण हुशारी डोक्यात गेलेली. देवाला मामापेक्षा आपणच जास्त ओळखतो, असा त्याचा तोरा.

इथला कौल अवघ्या किनाऱ्यावर नावाजलेला. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या पाषाणाला चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बसून राहायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाणी सुकलं की एक ना एक पडतेच.

सुलोचना खवळेच्या पाकळ्या मात्र कधीच पडल्या नाहीत.

तिचा नवरा बाबल मासे मारायला गेला तो गेलाच. होडीची फळीसुद्धा हाती लागली नाही. अकरा वर्षं ती दर त्रिपुरी पौर्णिमेला सकाळी यायची आणि एकच विचारायची, येईल का? देव आज बोलत नाही, पुढल्या वर्षी बघू, असं सांगून धाकू तिला परत पाठवायचा.

विश्रामला त्यातली गोम कळली होती. तिच्या पाकळ्या म्हातारा पाण्याने लावतच नसे. दाट चंदनाने लावायचा, म्हणजे सुकल्या तरी सुटत नसत.

धाकूने त्याला देवळाची गोष्ट विचारली. विश्रामने ती घडाघडा सांगितली. वादळात सापडलेल्या नाखव्याने देवाचा धावा केला, किनाऱ्यावर उजेड दिसला, गलबत वाचलं, म्हणून त्याने देऊळ बांधलं.

मग धाकूने उरलेली सांगितली. तेव्हा हा पाषाण उघड्यावर होता. नाखवा येत नाही म्हणून गावाने त्याच्या बायकोला इथेच कौल लावून दिला. डावी पडली. तिने अन्न टाकलं. नाखवा घरी पोचला तो तिच्या दहाव्याच्या दिवशी. देऊळ त्यानंतरचं.

पण हटेल तर तो विश्राम कसला! ती जुनी गोष्ट झाली, म्हणाला. इथे माघात सुलोचनाच्या मुलीचं लग्न आहे. मंडपात आईने कुंकू लावून उभं राहायचं की नाही, म्हणून दीर सुलोचनाच्या मागे लागलाय. तिला खरं कळायला नको?

“खरा...” धाकू म्हणाला. मग सहाण बाजूला सरकवली. “आज तू लाव.”

सुलोचना आली, नेहमीच्या जागी बसली. विश्रामने पाण्याने पाकळ्या लावल्या. खणखणीत आवाजात बाबल खवळेचं नाव घेऊन गाऱ्हाणं घातलं. ती खालमानेने “व्हय म्हाराजा” म्हणत राहिली.

अर्ध्या तासात डावी पाकळी पडली.

आता ही हंबरडा फोडणार, असं विश्रामला वाटलं. पण तिने पाकळी उचलून नुसती नाकाशी नेली.

“पाण्यान लावलंस,” ती म्हणाली. “काका चंदनान लावीत.”

“तुला... माहीत होतं?”

“पयल्याच वर्सापासून.”

“मग येत का होतीस?”

“घरात त्येचा नाव कोण घेणा नाय रे. हय देवळात काका मोठ्यान घेत. जित्या माणसाचा घेतत तसा.”

तिने पदराने कपाळ पुसलं. देवाच्या नव्हे, धाकूच्या पाया पडली आणि पायऱ्या उतरून गेली.

विश्रामला रडू आवरेना. आपण देवापाशी खोटं केलं नाही, तरी हे असं का झालं, आता काय केलं म्हणजे भरून येईल, असं तो मामाला पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

धाकू वाळूवरून लांब चाललेल्या सुलोचनाकडे बघत होता.

“फुडल्या त्रिपुरीक ती त्येचा नाव आयकूक खय जातली...” तो म्हणाला, “ता सांग.”