आधी स्क्रीन बंद कर

एकदा एक तरुणी आपलं काम घेऊन एका वृद्ध संगणकतज्ज्ञाकडे गेली. हे गृहस्थ आणि त्यांचे काही सहकारी मिळून एक सॉफ्टवेअर सांभाळत. अंध वाचकांना मराठी पुस्तकं वाचून दाखवणारं ते सॉफ्टवेअर होतं. त्याचा कोड सर्वांना खुला होता. कोणीही तो उघडून वाचावा, त्यात सुधारणा करावी आणि या मंडळींकडे पाठवावी. पटली तर ते ती सामावून घेत. मोबदला शून्य. मिळायचं ते एवढंच, की आपण केलेली गोष्ट एखाद्या अनोळखी माणसाच्या कामी आली.

अशा कामाचाही बाजार मांडणारे असतात. त्या तरुणीला असाच एक क्लासचालक भेटला होता. त्याची शिकवण सोपी होती. प्रकल्प नावाजलेला निवडा, काम मोठं करा आणि ते डोळ्यांत भरेल असं करा. मग नोकरी देणारे तुम्हाला शोधत येतील. जे सॉफ्टवेअर सुधारायला निघालो ते आपण स्वतः कधी वापरलं आहे का, हा प्रश्न त्याच्या अभ्यासक्रमात नव्हता. पोरांच्या उमेदीवर फी आकारणाऱ्या या मंडळींना जाब विचारणारं कोणी नसतं, आणि उमेद मोडली की दोष मात्र पोरांचाच ठरतो.

तिचीही उमेद मोडत आली होती. आधी दोन ठिकाणी पाठवलेलं काम कोणी उघडूनही पाहिलं नव्हतं. हेही परत आलं तर कोडिंगचा नाद सोडायचा आणि मेहुण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं. मेहुण्याने तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती आणि तो ती येता-जाता पुसत असे.

प्रकल्पाच्या खोलीत, वृद्धासमोर, तिने लॅपटॉप उघडला. सॉफ्टवेअरचं रूप तिने आमूलाग्र पालटलं होतं. मंद निळा रंग, गोलाकार बटणं, कपाटात मांडून ठेवल्यासारखी पुस्तकांची मुखपृष्ठं. काम मेहनतीचं होतं आणि देखणंही होतं. वृद्धाने ते लक्षपूर्वक पाहिलं, छान आहे म्हणून सांगितलं, आणि मग हात पुढे करून स्क्रीनचा उजेड पार घालवला. समोर नुसतं काळं.

"आता दाखव," ते म्हणाले.

तिला वाटलं, थट्टा चालली आहे. "सर, काहीच दिसत नाहीये."

"ज्यांच्यासाठी केलंस, त्यांनाही दिसत नाही."

ती लॅपटॉप मिटू लागली. डोळ्यांसमोर ती पुसलेली खुर्ची आली असणार. पण वृद्धाने तिला थांबवलं. त्यांनी मूळ सॉफ्टवेअर सुरू करून दिलं, स्क्रीन तशीच काळी ठेवली, आणि सांगितलं की आता एखादं जाडजूड पुस्तक उघड आणि ऐकत बस. अडलीस तरी मला हाक मारू नकोस. एवढं बोलून ते चहा टाकायला आत गेले.

यादीतली नावं ऐकत तिने चाचपडत एक जाड पुस्तक निवडलं. आवाज नाही. तिने वाट पाहिली, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा शांतता. यंत्र अडकलं असं समजून तिने सॉफ्टवेअर बंद केलं. तेव्हा शेजारच्या टेबलावरून हसण्याचा आवाज आला. तिथे एक अंध तरुण वाचायला बसत असे. तो कायद्याचा विद्यार्थी होता, म्हणून सगळे त्याला आधीपासूनच वकीलसाहेब म्हणत.

"मारलंत ना त्याला? मीही रोज मारतो," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते असं. कायद्याचं जाड पुस्तक उघडायला गेलं की हे असंच होतं. वाटतं, सगळं बंद पडलं. मग पुन्हा सुरू करायचं, पुन्हा वाट पाहायची, पुन्हा बंद करायचं. परीक्षा तोंडावर आली होती आणि त्याची सकाळ यातच जात होती. मग तक्रार का केली नाही, असं तिने विचारलं.

"मला वाटायचं, माझाच लॅपटॉप म्हातारा झालाय. एवढे हुशार लोक, सगळ्यांना डोळे. त्यांच्याकडून चूक कशी होईल?"

तिने उजेड वाढवला आणि तेच पुस्तक पुन्हा उघडलं. स्क्रीनच्या मधोमध एक चिमुकलं चक्र फिरत होतं. सॉफ्टवेअर जिवंत होतं. पुस्तक उघडत होतं आणि थोडं थांबा म्हणून सांगत होतं. पण ज्याला दिसतं त्यालाच सांगत होतं.

निळा रंग तिने तिथेच सोडला. पुस्तक उघडण्याच्या जागेचा कोड तेवढा शोधून काढला, न समजलेलं वृद्धाच्या सहकाऱ्यांना विचारलं आणि मोजक्या ओळी लिहिल्या. आता आधी आवाज यायचा, 'पुस्तक उघडत आहे, थांबा', आणि मग पुस्तक उघडेपर्यंत हलकी टिकटिक. वकीलसाहेबांनी टिकटिक नापास केली. ती ऐकून परीक्षेचं घड्याळ आठवतं म्हणाले. तिने टिकटिक काढून पाण्याच्या थेंबाचा आवाज घातला.

मग त्याने आपलं सर्वांत जाड पुस्तक उघडलं. थेंब पडत राहिले. त्याचा हात सवयीने बंद करायच्या बटणाकडे गेला, थबकला आणि मांडीवर येऊन विसावला. क्षणभराने पुस्तक बोलू लागलं. त्याने टेबलावर जोरात थाप मारली. "आता बघतोच मला कोण नापास करतं ते."

ती दुरुस्ती तपासली गेली आणि स्वीकारली गेली. तेव्हा वृद्ध तिला म्हणाले, "ते चक्र मी वर्षानुवर्षं पाहत आलो. मला दिसतं म्हणजे सगळ्यांना कळतं, असं धरून चाललो. आम्हा जुन्यांना वाट पाठ झालीय गं. खड्डा आला की पाय आपोआप वळतो. नव्या माणसाचा पाय त्यात पडतो आणि तो बिचारा लाजतो, त्याला वाटतं आपल्यालाच चालता येत नाही. अगं, तोच खड्डा त्याचं पहिलं काम असतं. रंग घेऊन आलीस तेव्हा तुला काय येतं ते दाखवायचं होतं. मग वाचकाच्या जागी बसलीस, आणि आमच्यापैकी कोणालाच जमलं नाही ते तुला जमलं."

गावोगावच्या वाचकांचे निरोप येऊ लागले. कोणी गाण्याचे शिक्षक, कोणी बँकेतले कारकून. सगळ्यांचं म्हणणं एकच, की आम्हाला वाटलं होतं आमचंच यंत्र बिघडलंय. वकीलसाहेब त्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. मेहुण्याने ती खुर्ची गिऱ्हाइकांसाठी बाहेर टाकली.

ही वार्ता क्लासचालकाच्या कानावर गेली. आपल्या विद्यार्थिनीचं यश जाहिरातीत घालावं म्हणून तो फोटोग्राफर घेऊन खोलीवर हजर झाला. सॉफ्टवेअर उघडायला लावून त्याने स्क्रीन वरपासून खालपर्यंत न्याहाळली. मग त्याने विचारलं, यात तुझं काम नेमकं कुठे दिसतं?

तिने वृद्धाकडे पाहिलं. ते चहा ढवळत होते. तिने हात पुढे केला आणि स्क्रीनचा उजेड पार घालवला.

"बसा, सर," ती म्हणाली, "आणि एक पुस्तक उघडा."

काळ्या स्क्रीनसमोर तो बसला. पहिला थेंब पडला, आणि फोटोग्राफरने आपला कॅमेरा हळूच खाली घेतला.

नव्याने कुठेही पाऊल टाकणाऱ्याने एवढंच करावं: आपण जिथे अडखळलो, तिथून उठून निघून जाऊ नये.