गावाला गेलेली आई

"किती दिवस लागतील, आक्का?"

"कशाला?"

"ती बोलायला."

आक्का कापडी बाहुलीचा उसवलेला पाय शिवत होती. गाठ मारली, दोरा दातानं तोडला.

विचारत होते ते घोलप सर. तालुक्याच्या शाळेचे मुख्याध्यापक. मुलांशी कसं वागावं, यावर गावोगाव भाषणं देतात. हॉल भरतात म्हणे. आणि त्यांची स्वतःची सहा वर्षांची शर्वी चार महिने एक अक्षर बोललेली नव्हती.

दोन डॉक्टर झाले, एक देवऋषी झाला, नवसही बोलून झाला. मग कुणीतरी त्यांना दत्ताच्या मठामागच्या या दोन खोल्यांचा पत्ता दिला. लोक याला खेळघर म्हणतात. आक्कानं चाळीस वर्षं बालवाडी चालवली, आता इथं असते. चावणारी, अंथरूण ओलं करणारी, मुकी झालेली पोरं तिच्याकडे आणतात, आणि ती त्यांच्याबरोबर खेळते. बाकी काही करत नाही. मी इंदू, इथली खेळणी धुते. माझे गुडघे गेलेत, आक्काची कंबर गेलीय, आणि पोरांची रांग काही हटत नाही.

"नाही, पण तुम्ही तिच्याबरोबर नक्की करता काय?" सर म्हणाले. "आठ दिवस मी बाहेर बाकावर बसतोय. आत नुसती भांडी वाजतात."

"भांडी वाजतात म्हणजे भातुकली चाललीय."

"भातुकलीनं मूल बोलतं होतं?"

"आपण मोठी माणसं बोलून मोकळी होतो रे. लेकराला दुःखाचे शब्द कुठून यायचे? ते खेळतं."

आक्का सगळ्यांना अरे-तुरे करते, मग समोर हमाल असो की मामलेदार. सरांना ते टोचलं. त्यांनी चष्मा पुसला.

"मला माहीत आहे ते. खेळ ही मुलाची भाषा असते. माझ्या प्रत्येक भाषणात हे वाक्य असतं."

"मग ऐकायला कधी शिकलास?"

बरं झालं विचारलं, माझ्या मनात आलं. आठ दिवस हा माणूस बाकावर बसून मलाच खेळणी कशी धुवावीत ते सांगत होता.

आक्कानं बाहुली बाजूला ठेवली.

"आईचं काय सांगितलंय तिला?"

सर पुन्हा चष्मा पुसायला लागले.

"घोलप, तुला विचारतेय."

"गावाला गेलीय म्हणून सांगितलंय."

सरांची बायको पौषात वारली. आठवडाभर ताप अंगावर काढला, दवाखान्यात नेलं आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. पोरीला तेवढे दिवस मावशीकडे ठेवलेलं. ती परत आली तोवर दिवसकार्य उरकलं होतं आणि फोटो कपाटात गेला होता. आत्या, आजी, शेजारपाजारचे, सगळ्यांचं एकच टुमणं. लेकरू लहान आहे, गावाला गेली म्हणून सांगा, हळूहळू विसरेल. आपल्याकडे हे असंच चालतं. मेलेली माणसं गावाला जातात, आणि पोरं त्यांची वाट बघत बसतात.

"भाषणात काय सांगतोस लोकांना?"

"मुलांशी खोटं बोलू नका, म्हणून सांगतो."

हे सांगताना त्यांनी मान खाली घातली. मला त्यांची दया आली, आणि रागही आला.

"मी सांगणार आहे तिला," ते म्हणाले. "पण आधी ती बोलू दे. बोलली म्हणजे जरा सावरली असं समजेन. मग सगळं खरं सांगेन. आत्ता सांगितलं आणि ती कायमचीच मिटली तर... माझं दुसरं कोण आहे, आक्का?"

आक्कानं सुई डबीत ठेवली.

"उद्या आत ये," ती म्हणाली. "लिंबूटिंबू म्हणून."

"म्हणजे?"

"लहानपणी खेळला नाहीस का कधी? लिंबूटिंबूला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर डाव नाही, त्याला राज्य नाही. तो म्हणेल तसं काही होत नाही. पोरं बस म्हणाली की त्यानं बसायचं. शिकवायचं नाही. विचारायचं नाही. इथं मोठी माणसं लिंबूटिंबू. मीसुद्धा."

सर जरासे हसले. एवढे मोठे मुख्याध्यापक, त्यांना हे फारच सोपं वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी ते आत आले. कपड्यांची घडी न मोडता सतरंजीच्या टोकावर बसले.

खोलीत वाळूचा हौद आहे. भातुकली, बाहुल्या, रबराची मगर, लाकडी एसटी, सगळं खाली मांडलेलं असतं, पोराच्या हाताला लागेल असं. नियम दोनच. वाळू हौदाबाहेर टाकायची नाही आणि कुणाला मारायचं नाही.

शर्वीनं एसटी घेतली. साडीतली बाहुली आत बसवली. गाडी वाळूतून वळणं घेत घेत हौदातल्या बादलीमागं गेली. बाहुली तिथंच राहिली आणि गाडी रिकामी परत आली. शर्वीनं आत डोकावून बघितलं. मग गाडी पुन्हा बादलीमागं गेली, आणि पुन्हा रिकामी आली. पोरगी पुन्हा डोकावली.

आठ दिवस हेच चाललं होतं. आक्का शेजारी बसून हळू आवाजात तेवढंच म्हणायची, "गाडी गेली. गाडी आली. शर्वी बघतेय." मला तर बघवत नसे, मी पाठ करून धूत बसायची.

बापाला कसं बघवणार? चौथ्या खेपेला सर पुढं सरकले. बादलीमागची बाहुली उचलली, गाडीत ठेवली, गाडी पोरीपुढं आणली.

"पीप पीप... बघ, आली की नाही आई!"

शर्वीनं बाहुलीकडे बघितलं. मग तिला तंगडीला धरून माझ्या धुण्याच्या घमेल्यात फेकलं. भातुकलीतला बत्ता उचलून एसटीवर हाणला. चाक निखळून माझ्या पायाशी आलं.

"असं नाही करायचं, बाळा," सर म्हणाले. "चांगली मुलं खेळणी मोडत नाहीत."

"शर्वी रागावलीय," आक्का म्हणाली. "फार रागावलीय. वाळूला मार, बाळ. वाळूला चालतं."

पोरीनं वाळू कुटली. हात दुखेपर्यंत कुटली, घामानं भिजली, तोंडातून मात्र हूं की चूं नाही. मग भिंतीकडे तोंड करून बसली.

त्यानंतर तीन दिवस ती खेळली नाही. यायची, भिंतीकडे तोंड करून बसायची, वेळ संपली की उठायची. आक्का रोज तिच्याशेजारी तशीच भिंतीकडे तोंड करून बसायची. कंबर धरून उठताना आई गं म्हणायची, तेवढाच काय तो खोलीत आवाज.

मी सरांना बाहेर गाठलं आणि सुनावलं. "शहाणपणा कुणी सांगितला होता? लेकराच्या खेळात नाक खुपसायचं नाही, एवढंही कळेना?" आक्कानं मला डोळ्यांनी गप्प केलं.

"मला तिला जरा आनंद द्यायचा होता," सर म्हणाले.

"कुणाला?"

"तिला."

सर बाकावर टेकले.

"आक्का, माझ्यानं ते बघवलं नाही."

"हां. आता खरं बोललास."

चौथ्या दिवशी सर आले ते वेगळेच. दाढी वाढलेली, शर्टाची इस्त्री मोडलेली. आल्याआल्या बाकावर टेकले आणि डोळे मिटले. त्या दिवशी त्यांनी मला खेळण्यांबद्दल काही सांगितलं नाही.

"भाषण होतं काल," ते डोळे मिटूनच म्हणाले. "अर्ध्यावर सोडून आलो. कुणीतरी उठून विचारलं, तुमच्या घरी मुलं किती... मला पुढचं वाक्यच सुचेना. मी दमलोय, आक्का. ती अजून रोज दोन ताटल्या जास्तीच्या मांडते. एक आईची, दुसरी बहुधा आई कुणाला घेऊन आली तर त्याची. मी त्या मुकाट्यानं उचलून ठेवतो. चार महिने उचलतोय."

"मीही दमलेय," आक्का म्हणाली. "ही इंदूही दमलीय. चल आत."

"आज नको. आज माझ्यात काही त्राण नाही."

"म्हणून तर म्हणते. दमलेला माणूस बरा. त्याच्यानं शिकवणं होत नाही."

आत पत्रा तापलेला, पंखा नुसताच गरागरा फिरत होता. शर्वी भिंतीकडे तोंड करून बसलेली. सर सतरंजीवर बसले नाहीत. दारापाशीच फरशीवर बसले, भिंतीला टेकले. आक्का शर्वीशेजारी बसली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शर्वी वळली. बापाकडे बघितलं. मग उठली, बादली पालथी घातली आणि बोटानं दाखवलं. इथं बस.

सर बादलीवर बसले. गुडघे पार छातीशी आले.

शर्वीनं एसटी घेतली. मोडलेल्या चाकाच्या जागी मी बाटलीचं बूच बसवलेलं, त्यामुळं गाडी खुरडत चालायची. घमेल्यात फेकलेली बाहुली मी धुऊन सुकवली होती, ती तिनं गाडीत बसवली. गाडी हौदाला वळसा घालून पलीकडे गेली. रिकामी परत आली. सरांच्या पायाशी थांबली.

सरांनी आक्काकडे बघितलं. काय करू? आक्का दुसरीकडेच बघत होती.

गाडी गेली. परत आली. रिकामी.

सरांचा खिशातला फोन वाजायला लागला. त्यांनी तो न बघताच बंद केला.

गाडी गेली. परत आली. या खेपेला सर वाकले आणि एकेका खिडकीतून आत बघायला लागले. पुढच्या खिडकीतून, मधल्या, मागच्या. पोरगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. सरांनी मान वर केली नाही. वर केली तेव्हा चष्म्याखालून पाणी वाहत होतं. बायको गेली तेव्हापासून हा माणूस पोरीसमोर रडला नव्हता. रडायचं नाही असंच सगळ्यांनी बजावलं होतं, पोरगी घाबरेल म्हणून.

पोरगी घाबरली नाही. जवळ येऊन उभी राहिली. बाप रडतोय ते तिनं नीट बघितलं.

मग गाडी आणखी एकदा गेली आणि आली. सर पुन्हा वाकले, पुन्हा सगळ्या खिडक्या बघितल्या. पुसलंही नाही तोंड.

शर्वीनं गाडी त्यांच्या पायाला टेकवून लावली. हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"ही शेवटची गाडी होती," ती म्हणाली.

चार महिने न वापरलेला आवाज, पार बसलेला. माझा हात घमेल्यातच राहिला.

"आता कुणी येणार नाही. उन्हात बसू नका. घरी जा."

सर बादलीवरून उठले. लिंबूटिंबूनं ऐकायचं असतं, म्हणून उठले की काय, मला माहीत नाही. दोन पावलं दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले, चौकटीला धरून. पोरगी तोवर हौदाकडे वळलेली, बोळक्यात वाळूचा भात रांधायला बसलेली. आक्कानं शाबास म्हटलं नाही, टाळी वाजवली नाही. एवढंच म्हणाली, "शर्वीनं प्रवाशाला घरी जायला सांगितलं." पोरीनं मान हलवली आणि भात ढवळत राहिली.

वेळ संपली. मग आक्का कंबर धरून उठली आणि बाहेर ओट्यावर आली. सर तिच्या मागोमाग आले. मी घमेलं रिकामं करायच्या निमित्तानं दारात थांबले, खोटं कशाला बोलू.

"आक्का... बोलली ती."

"हं."

"तुम्ही ऐकलंत ना? बोलली."

"ऐकलं."

सरांनी रुमाल काढला. आतून बोळक्यावर पळी वाजत होती. ते बराच वेळ तो आवाज ऐकत उभे राहिले.

"मी म्हटलं होतं, ती बोलली की सांगेन. आता... आता तिला खरं सांगू ना, आक्का? आई येणार नाही म्हणून?"

आक्का ओट्यावर टेकली. पदरानं मान पुसली.

"तिनं तुला आत्ता सांगितलं की रे."