निर्मळबुवांचं घमेलं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता त्याच्या वंशजांनाही सांगता यायचं नाही. त्याच्या राज्यात समुद्राकाठी एक श्रीमंत नगर होतं. त्या नगरातल्या बड्या लोकांना एकच दुःख होतं, ते म्हणजे त्यांना काही दुःख नव्हतं.

मग त्यांच्यातल्या एका सावकारानं एक जहाज बांधलं. माल न्यायला नाही, लढायला नाही, नुसतं हिंडायला. पावसाळा सरला की बडी घराणी त्यावर चढायची आणि बेटाबेटांवरून फिरत, उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायची. जहाजाच्या वरच्या मजल्यावर भटारखाना होता आणि त्याची चूल कधी विझत नसे. सकाळी घावन, दुपारी बासुंदी, संध्याकाळी तळलेले मासे, आणि मधल्या वेळी काहीतरी तोंडात टाकायला म्हणून चिरोटे. खाऊन खाऊन लोकांना जड व्हायचं. जड झालं की वाईट वाटायचं. आणि वाईट वाटलं की लोक जिना उतरून खालच्या मजल्यावर जायचे, कारण तिथे निर्मळबुवा बसलेले असायचे.

भटारखाना सावकाराचा आणि बुवाही सावकाराचेच, ही गोष्ट कुणी लपवलेली नव्हती. ती विचारायचंच कुणाला सुचलं नव्हतं.

बुवा दिसायला फार स्वच्छ. पांढरं धोतर, तुळतुळीत डोकं, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला पेंग यावी. समोर बसलेल्या माणसाकडे ते बराच वेळ बघत आणि हळूच म्हणत, "फार विष साठलंय हो तुमच्यात." हे ते सगळ्यांनाच म्हणत. दात न आलेल्या पोरालाही म्हणत.

मग लोखंडी घमेल्यात कढत पाणी ओतायचं, त्यात मूठभर मीठ आणि चिमूटभर चूर्ण टाकायचं, आणि माणसानं पाय बुडवून बसायचं. थोड्या वेळानं पाणी करडं होई, मग जांभळट, मग काळंकुट्ट.

"बघा," बुवा म्हणत, "काय काय घेऊन हिंडत होतात!"

माणूस आपल्याच पायांकडे बघून शहारायचा, मग हलका होऊन वर जायचा आणि बासुंदीची वाटी मागायचा.

त्या वर्षी जहाजावर एक नवी सून होती. तिच्या हाताची मेंदी अजून पुरती गेलेली नव्हती. ती बोलायची थोडं आणि बघायची फार. सासरच्या माणसांना वाटे, मुलगी गरीब आहे. ती गरीब नव्हती, फक्त घाईत नव्हती.

आईनं रुखवतातलं लाटणं तिच्या पेटीत घालून दिलं होतं. ते पाहून तिचा नवरा पोट धरून हसला होता.

"अगं, जहाजावर काय लाटा लाटणार आहेस?"

"असू दे," ती म्हणाली. "आईनं दिलंय."

भटारखाना आचाऱ्यांचा होता, त्यामुळे लाटणं पेटीतच पडून राहिलं. त्याला पिठाचा कण लागला नव्हता.

सासू मात्र तिला देवानंच दिली होती म्हणायची. सुनेनं सासूला आत्याबाई म्हणायचं, अशी त्यांच्याकडची रीत. या आत्याबाई भल्या होत्या, स्वतः आधी जेवत नसत, आणि सुनेच्या ताटात काय कमी आहे ते न विचारता वाढत. त्यांच्या टाचेला खडावेची कड लागून जखम झाली होती. ती काही केल्या भरत नव्हती. त्यांना सारखी तहानही लागे.

जहाजाच्या तांडेलानं ती जखम पाहिली आणि तो गंभीर झाला.

"बाई, पुढच्या बंदरावर एक वैद्यीण आहे. चिघळलेल्या जखमा ती बऱ्या करते. आपण तिथे दिवसभर थांबणार आहोत, तेव्हा उतरा आणि दाखवून या. त्यानंतर बरेच दिवस नुसतं पाणी आहे."

आत्याबाई हो म्हणाल्या. पण बंदर यायला अवकाश होता आणि बुवा जिना उतरला की होते.

बुवांनी टाच हातात घेतली. "ही जखम नाही, माय. हे दार आहे. आतल्या विषानं बाहेर पडायला करून घेतलेलं दार. वैद्यीण काय करील? दार लिंपून टाकील. मग आत कोंडलेलं जाईल कुठे?"

त्या दिवसापासून आत्याबाई रोज घमेल्यात पाय सोडून बसू लागल्या आणि सून पंचा घेऊन शेजारी. बाकीचे पाण्याच्या रंगाकडे बघत. सुनेचं लक्ष वासाकडे गेलं. वाफेला तुरट वास होता, आणि तो ओळखीचा होता. एकदा आईनं घाईघाईत मोरावळ्याचे आवळे लोखंडी कढईत घातले होते आणि कढईची शाईची दौत झाली होती. त्या दिवशी आई दिवसभर स्वतःवरच चिडली होती.

सुनेनं आजूबाजूला पाहिलं. पाय बुडवून बसलेल्या सगळ्या बायका मोरावळा घालणाऱ्या होत्या. लोखंडाला आवळा लावू नये, हे त्यांतली प्रत्येक जण आपल्या लेकीला सांगून बसली होती. स्वयंपाकघरात जे त्यांना दिसत होतं, ते बुवांसमोर दिसत नव्हतं.

तिनं नवऱ्याला गाठलं. "अहो, ते चूर्ण आवळ्याचं नाहीतर हिरड्याचं आहे. लोखंडानं काळं होतं. त्यात विष नाही काही."

"तू बुवांना मोरावळा शिकवणार?"

"मी तुम्हाला सांगतेय."

"आईला बरं वाटतंय ना? मग झालं तर."

आत्याबाईंना बरं वाटत होतं, हे खरंच होतं. आणि टाच रोज थोडी थोडी पसरत होती, हेही खरंच होतं.

बंदर दुसऱ्या दिवसावर आलं. आता वैद्यिणीकडे नेलं नाही तर पुढे इलाज नाही, हे सून जाणून होती. त्या सकाळी बुवांनी हसून तिलाच बोलावलं. "या, नव्या सूनबाई. माहेरचं विष इथेच सोडा, सासरी नको."

सगळे हसले. सून उठली, आपल्या खोलीत गेली आणि पेटीतलं लाटणं घेऊन आली.

"आधी हे ठेवते," ती म्हणाली. "कोरं आहे. यानं अजून एक पोळीसुद्धा लाटलेली नाही. यात विष कुठलं असणार?"

तिनं ते घमेल्यात ठेवलं, कढत पाणी ओतलं, बुवांच्याच वाटीतलं चूर्ण आणि मीठ टाकलं आणि मागे सरून उभी राहिली. पाणी करडं झालं, मग जांभळट, मग काळंकुट्ट. लाटणं त्यात पालथ्या होडीसारखं तरंगत होतं.

सुनेला वाटलं, झालं. आता सगळ्यांना कळलं.

बुवांनी डोळे मिटले आणि एक लांब सुस्कारा सोडला. "अरेरे. बिचारं झाड! जमिनीतलं सगळं विष मुळांनी शोषून वाढलं असेल. आणि अशा लाकडानं आपण पोळ्या लाटतो, पोराबाळांना घालतो! सूनबाई, डोळे उघडलेत तुम्ही आमचे."

"अगंबाई!" एक जाडजूड बाई छातीवर हात ठेवून म्हणाली. "तरीच माझ्या पोटात रोज गुरगुरतं!"

दुपारपर्यंत जिन्यावर रांग लागली. भटारखान्यातली लाटणी खाली आली, पोळपाट आले, पुरुषांच्या हातातल्या काठ्या आल्या, एका आजोबांनी तर आपली कवळी आणली. प्रत्येक वस्तूतून विष निघालं. त्या दिवशी जहाजावर एकच जिन्नस अशी होती जिच्यातून विष निघालं नाही, आणि ती म्हणजे घमेलं, कारण त्याला कुणी घमेल्यात घातलं नव्हतं.

"पुरे झाली शोभा," नवरा तिच्या कानाशी म्हणाला. "आता गप्प राहा."

दुसऱ्या दिवशी जहाज बंदराला लागलं. किनाऱ्यावरचं वैद्यिणीचं घर जहाजावरून दिसत होतं, दारात औषधी पाल्याच्या जुड्या वाळत घातल्या होत्या. लोक होड्यांनी उतरले आणि नारळ, शंख, मोती घेऊन आले. सून आत्याबाईंच्या पायाशी बसली.

"चला ना. मी धरून नेते. इतकं जवळ आहे."

"बुवा म्हणाले, आता थोडंच उरलंय."

"आत्याबाई, तो आवळा आहे."

आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या हसल्या.

"ठाऊक आहे गं मला. जन्मभर मोरावळे घातलेत मी. पहिल्या दिवशीच वासावरून ओळखलं."

"मग?"

"मग काय. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, माझ्यातच काहीतरी खोट आहे. पहिलं मूल राहिलं नाही, माझी खोट. दूध नासलं, माझी खोट. ऐकून ऐकून खरंच वाटायला लागतं, पोरी. आणि इथे एक माणूस म्हणाला की खोट निघून जाते. रोज माझ्या डोळ्यांसमोर ती पाण्यात उतरते आणि खलाशी ती समुद्रात ओतून येतो. खोटं असलं तरी बघायला किती बरं वाटतं!"

"तुमच्यात काही खोट नाही, आत्याबाई."

"हे सांगायला तू जरा लवकर यायला हवी होतीस." त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "आज शेवटचं पाणी घेते. परतीला दाखवू की वैद्यिणीला. ती कुठे पळून जातेय!"

सून उठली आणि नवऱ्याकडे गेली. "आत्याबाई येत नसतील तर वैद्यिणीला इथे आणा. नाहीतर मला एक होडी द्या, मी आणते."

"आणि बुवांसमोर उभी करू तिला? काल लोक हसले ते थोडं झालं?"

ती आणखी बोलू शकली असती. ओरडू शकली असती, सगळ्यांच्या देखत होडीत उडी टाकू शकली असती. ती कठड्याशी उभी राहिली. नव्या सुनेनं कठड्याशीच उभं राहायचं असतं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, तरी येत होतं. नांगर उचलला गेला. पाल्याच्या जुड्या लहान लहान होत दिसेनाशा झाल्या.

मग आत्याबाईंना ताप भरला. टाच काळी पडली, आणि काळेपणा घोट्यावर चढू लागला. नवऱ्यानं घाबरून बुवांना बोलावलं. बुवा चादर बाजूला करून बघत राहिले आणि त्याच संथ आवाजात म्हणाले, "उत्तम. सगळं विष पायात उतरलंय. आता जायलाच निघालंय."

विष गेलं नाही. आत्याबाई गेल्या.

जमीन जवळ नव्हती. तांडेलानं त्यांना पांढऱ्या शिडाच्या कापडात गुंडाळलं आणि समुद्राला दिलं. त्या दिवशी भटारखान्यात फक्त साधा वरण-भात झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घावन झाले.

सकाळी सगळे वर न्याहारीला बसले असताना नवरा आईचा पंचा शोधत खाली आला. बुवांची जागा रिकामी होती. घमेल्यापाशी त्याची बायको एकटी बसली होती. पाण्याला वाफ येत होती, आणि पाणी काळंकुट्ट होतं.

"कुणाचे पाय धुतलेस?" त्यानं विचारलं.

"कुणाचेच नाहीत."

तो पाण्याकडे बघत राहिला. मग तिच्या कोरड्या पायांकडे त्यानं पाहिलं. मग त्या आवळ्याच्या वासानं त्याला आईचे हात आठवले असावेत, कारण तो तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. तिनं त्याला पंचा दिला. मी सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. त्या वाक्यानं आता कुणीच परत येणार नव्हतं.

थोड्या वेळानं तो तिरमिरीत उठला आणि वर जाऊन सगळ्यांना ओरडून सांगू लागला. लोकांनी खाणं थांबवून ऐकून घेतलं. कुणी त्याच्या पाठीवर हात फिरवला, कुणी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला.

"आई गेलीय हो त्याची," ती जाडजूड बाई हळू आवाजात म्हणाली. "दुःखानं डोकं फिरलंय. दुःखाचंही विष असतं म्हणतात. बुवा, याला बसवा एकदा घमेल्यात."

आणि बुवा मायेनं मान डोलवत जिना उतरले. खाली सुनेनं ओतलेलं पाणी तसंच होतं. त्यांनी ते कठड्यावरून समुद्रात टाकलं आणि चुलीवर नवं पाणी ठेवलं.

बाळांनो, आणि बाळांच्या आईवडिलांनो, आपल्या आतली घाण जो आपल्याला काढून दाखवतो, त्याचं भांडं आधी आपले पाय बाहेर ठेवून पाहावं, आणि तेही किनारा जवळ आहे तोवर पाहावं.