बाबांना विचारा

“पण पान तर होतं ना, बाबा?”

अभिरामने हे तिसऱ्यांदा विचारलं. उमागीर बाबा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी पुढची शेंग उचलली.

अभिराम पुण्याचा. वेबसाइट बनवणं हा त्याचा धंदा, आणि तीन वर्षांपासून तो बाबांचा शिष्य. आमच्या डोंगरातल्या मठात घर हरवलेली माणसं राहतात. म्हातारी, विसराळू, वाट चुकून आलेली, अशी चौसष्ट. अभिरामने मठाची वेबसाइट केली आणि त्यात प्रत्येकाचं एक पान केलं. फोटो, अंगावरच्या खुणा, तोंडात येणारी गावांची नावं, सगळं. काम चोख होतं, आणि ते चोख आहे हे तो दर भेटीत सांगायचा. मी मठाची कोठी सांभाळतो. ज्वारी निवडता निवडता मी ते पुष्कळदा ऐकलेलं आहे.

त्या दिवशी सकाळी नागनाथ नावाचा माणूस आईला शोधत मठात आला. त्याची आई म्हणजे आमच्या द्वारकाबाई. त्यांना इथे येऊन चौदा महिने झाले होते. आल्या तेव्हा दिवसातून दहादा ‘नागू’ म्हणून हाक मारायच्या. यंदाच्या पोळ्यानंतर ते नाव बंद झालं.

नागनाथ समोर बसला तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, “तुमी कोणाचे?”

तेव्हापासून तो पिंपळाखाली बसून होता. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

“पान होतं,” अभिराम पुन्हा म्हणाला. “डाव्या पायाला सहा बोटं आहेत, हेसुद्धा लिहिलं होतं. मग त्यांना सापडलं कसं नाही?”

“त्याला विचार की,” बाबा म्हणाले.

नागनाथने पिंपळाखालूनच सरळ सांगितलं. “फोनवर शोधलं की. आईच्या नावानं, गावाच्या नावानं, सहा बोटांवरनं. काहीच येईना. मग एका पाहुण्यानं हितल्या सुंदराबाईचं पान पाठवलं. म्हणला, ही बाई तुमच्याच नदीकाठची हाय. मला वाटलं, मग आई बी हितंच आसंल. पानाच्या खाली एकच लिंक होती... दाबली.”

“मग?”

“बाबांचा फोटो आला. पुढं काहीच नव्हतं. वाटलं, आई हितं न्हाई. हात जोडले... अन् फोन ठेवून दिला.”

“कधी?” बाबांनी विचारलं.

“उन्हाळ्यात. आता एक ट्रकवाला भेटला, त्यानं आईला हितं बघितलं होतं, म्हणून आलो.”

उन्हाळ्यात द्वारकाबाई रोज नागूला हाका मारत होत्या. हे मला माहीत होतं, बाबांना माहीत होतं. 

अभिरामचा चेहरा उतरला. प्रत्येक पानाच्या तळाशी त्यानेच ती एक लिंक दिली होती. ‘गुरुचरणी’. दाबली की बाबांचं पान. बाबांच्या पानावरून पुढे कुठेच जाता येत नव्हतं. गुरूंच्या पुढे काय असणार, असं तो म्हणायचा, आणि मला तेव्हा ते पटलंही होतं.

“फोनवरचं हे यंत्र कसं शोधतं?” बाबांनी विचारलं.

“ते एका पानावरच्या लिंका धरून दुसऱ्या पानावर जातं. ज्या पानाकडे सगळीकडून लिंका येतात, ते पान त्याला महत्त्वाचं वाटतं. ज्या पानाकडे कुणीच बोट दाखवत नाही, ते...”

“ते?”

“त्याच्या लक्षात येत नाही.”

“मग आपल्या मठाबद्दल त्याला काय वाटलं?”

अभिराम थांबला. “की मठ म्हणजे... तुम्ही.”

बाबांनी दाण्यांची वाटी त्याच्या हातात दिली. “द्वारकाबाईला नेऊन दे. कुठं हाय ते विचारत जा.”

आता इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नागनाथचं बोलणं ओझरतं ऐकून बाबांनी सकाळीच मला बोलावलं होतं. सगळ्यांना निरोप दे म्हणाले, आज अभिरामने काही विचारलं तर एवढंच सांगायचं, बाबांना विचारा. कशासाठी, ते मला कळलं नाही. मी निरोप पोचवला.

अभिराम स्वयंपाकघरात गेला. तिथून गोठ्यात, गोठ्यातून धुण्याच्या दगडापाशी. जिथे तिथे एकच उत्तर. तो ओसरीवर परत आला. बाबा शेंगा फोडत राहिले.

तो पुन्हा गेला. या खेपेला माझ्या कोठीतही आला.

“द्वारकाबाई कुठे आहेत?”

“बाबांना विचारा,” मी म्हणालो, आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं.

तिसऱ्या खेपेला तो घामाने निथळत होता. “बाबा, सगळे मला तुमच्याकडेच पाठवताहेत.”

“मग बरं झालं की. गुरुचरणी आलास.”

“पण तुम्ही तर काहीच सांगत नाही.”

बाबांनी एक शेंग फोडली. पोकळ निघाली. ती बाजूला टाकली.

अभिराम ओसरीच्या पायरीवरच बसला. शेजारून सुंदराबाई काठी टेकत चालल्या होत्या. निरोप मी त्यांनाही दिला होता, पण त्यांच्या डोक्यात काही टिकत नाही.

“दाणे कुणाला रं?” त्यांनी विचारलं.

“द्वारकाबाईंना.”

“द्वारकी होय? ती चुलीमागं बसली आसंल. तिला वारं सोसत न्हाई. आमी दोघी तितंच बसताव.”

वाटी पोचली. अभिराम धावतच परत आला. “कळलं, बाबा. आजच करतो. प्रत्येक पानावरून बाकी त्रेसष्ट पानांच्या लिंका देतो. कुणी सुटणार नाही.”

बाबा उठले आणि अंगणाकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाले, “आता सगळ्यांनी सांगा. द्वारकाबाई कुठं हाय?”

वीस-पंचवीस जण एकदम बोलायला लागले. कुणी गोठा म्हणालं, कुणी विहीर, कुणी चूल. एक आजोबा म्हणाले, ती तर सासरी गेली. काहीही ऐकू येईना.

“कळलं?”

“नाही,” अभिराम म्हणाला. तो रडकुंडीला आला होता. मलाही कळलं नव्हतं, फक्त मला कुणी विचारत नव्हतं.

“सुंदरेनं तुला त्रेसष्ट नावं सांगितली?”

“नाही. एकच.”

“तिलाच कसं ठाऊक?”

“त्या दोघी... एकत्र बसतात. एकाच नदीच्या आहेत.”

“मग तेवढंच लिही.”

“म्हणजे कोण कुणापाशी बसतं, ते?”

बाबा पुन्हा शेंगांपाशी बसले.

“आणि लिंकवर शब्द कोणते घालू? ‘इथे क्लिक करा’ असं घालतात.”

“सुंदरा असं म्हणाली का?”

“नाही. चुलीमागं बसलेली द्वारकी... असं काहीसं म्हणाल्या.”

पिंपळाखालचा नागनाथ उठून आत गेला होता. दारातून दिसत होतं, तो चुलीमागे आईशेजारी बसला होता. त्या त्याला दाणे देत होत्या, पाहुण्याला द्यावेत तसे, एकेक.

अभिरामने तिकडे पाहिलं. मग त्याने मला विचारलं, “अजून किती जण रोज कुणाचं तरी नाव घेतात?”

“एकोणीस,” मी म्हणालो. “काल वीस होते.”

त्याने फोन काढला. तिथेच पायरीवर बसून सुंदराबाईंचं पान उघडलं. तळाशी गेला आणि थबकला.

“बाबा... ‘गुरुचरणी’ काढायला हात धजत नाही.”

बाबांनी शेंगांची टरफलं गोळा केली.

“असं करू का? तुमचं पान राहू दे. त्यावर नवा फोटो टाकतो, आणि खाली या एकोणीस जणांकडे जाणाऱ्या लिंका. चालेल?”

बाबा उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले. चेहरा आत, माणसांकडे. अभिरामने फोन वर धरला, जरा बाजूला सरकला, पुन्हा धरला.

“बाबा, इकडे बघा ना. चेहरा येत नाहीये.”

“चेहरा बघून तर तो परत गेला, लेकरा.”

“मग?”

“येणाऱ्याला माझी पाठ दिसू दे.”