पाचवं नख

फार वर्षांपूर्वीची, भर दुपारची गोष्ट. चीनच्या राजवाड्यात धाकट्या राजपुत्राचा रेशमी झगा भरतकामाच्या चौकटीवर ताणलेला होता. पाच नखांचा ड्रॅगन फक्त सम्राटाचा, राजपुत्राला चारच. या झग्यावर पाच निघाली.

"सुईबाई, टाके तुझेच ना?" कात्री म्हणाली. "मग मोडायची तयारी ठेव."

"कुंचल्याने आखलं तेच मी भरलं," सुई म्हणाली. "खाली रेघ आहे. उसवून बघ."

कात्रीने नख उसवलं. रेशमावर काळ्या शाईची रेघ स्वच्छ दिसली. भरतकामावर देखरेख करणाऱ्या कारभाऱ्याने ती पाहिली, दुसऱ्या सुईकडून त्या रेघेवर ढग भरून घेतला आणि या सुईचे दोन तुकडे केले.

कुंचला कारभाऱ्याच्याच कमरेला होता. पाचवं नख कुंचल्याला कुणी काढायला लावलं, हे अजून कुणी विचारलेलं नाही.